येळवशीची पैज

शंकरप्पा परत येणार याबद्दल मुरुडात कोणालाच शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता की कधी. पोरगा वाईट नव्हता, आळशी तर मुळीच नव्हता, वायरमनचा कोर्स पहिल्या फटक्यात पास झालेला होता. पण घर सोडलं की त्याला जेवण जात नसे. पुण्याला एका कारखान्यात चिकटवला, तो अकराव्या दिवशी परत. सोलापूरला मामाच्या ओळखीनं मिलमध्ये लावला, तो एकोणिसाव्या दिवशी वळकटी खांद्यावर टाकून स्टँडवर हजर. दोन्ही वेळा कारण विचारलं तर म्हणाला, तिथलं पाणी मानवत नाही. मुरुडचं पाणी मोठं अमृत होतं अशातला भाग नाही. उन्हाळ्यात तर ते असायचंच कुठं. पण जे नाही तेच मानवतं, अशी काही माणसं असतात, आणि शंकरप्पा त्यातला होता.

अशा माणसानं मस्कतला जायचं ठरवलं. तेही ब्याऐंशीच्या ऑगस्टात, जेव्हा लातूर उस्मानाबादेपासून वेगळं होऊन स्वतःचा जिल्हा झालं होतं आणि औशापासून अहमदपूरपर्यंत जो तो छाती काढून चालत होता. मुरुडच्या हॉटेलात चहा तोच होता, कप त्याच फुटक्या कानाचे होते, पण गिऱ्हाइकं आता ‘आमच्या जिल्ह्यात’ असं म्हणून मगच फुंकर मारत होती. शंकरप्पाच्या पासपोर्टावर मात्र जिल्हा उस्मानाबाद छापलेला होता, कारण तो आदल्या वर्षी काढलेला. त्याचा थोरला भाऊ शिवप्पा यावरून त्याला चिडवायचा. लोकांचा जिल्हा घरापाशी चालत आला आणि हा निघाला समुद्रापलीकडं, तेही दुसऱ्याच जिल्ह्याचा माणूस म्हणून. आता एवढी सरकारी हापिसं निघतील, त्यांच्या भिंतींत वायरी काय कलेक्टर घालणार आहे का, असं त्याचं म्हणणं होतं.

शिवप्पाबद्दल सांगायचं तर आधी त्याच्या मिशीबद्दल सांगावं लागतं. अठराव्या वर्षी ठेवलेली, दोन्ही गालांवर वर वळलेली, तिळाच्या तेलानं काळीभोर राखलेली ती मिशी मुरुडात शिवप्पापेक्षा जास्त ओळखीची होती. गल्लीतल्या आया पोरांना तिची भीती घालत. शिवप्पा बैल घ्यायला बाजारात गेला की समोरचा दलाल आधी मिशीकडं बघायचा आणि मग बैलाबद्दल खरं बोलायचा. नऊ वर्षांत तिला कात्री लागली होती ती टोकं सारखी करण्यापुरती. वडील नव्हते, म्हणून घरात जे काही ठरायचं ते शिवप्पा मिशीवरून हात फिरवत ठरवायचा, आणि एकदा हात फिरला की आई, म्हणजे अव्वासुद्धा पुढं बोलत नसे.

पोळ्याच्या संध्याकाळी बैलं मिरवून आणल्यावर, चार पाहुणे अंगणात बसलेले असताना, शिवप्पानं तो हात फिरवला.

“येळवशीच्या आत तू परत आलास, तर पुन्हा जन्मात बाहेर जायचं नाव काढायचं न्हाई. मी म्हणल तशी बैलं हाकायची.”

“आन् न्हाई आलो तर?” शंकरप्पानं विचारलं.

“तर ही काढीन. भर शेतात, येळवशीच्या दिवशी.”

पाहुण्यांतल्या एकानं सुपारी कातरायची थांबवली. कमलम्मा, म्हणजे दोघांची अव्वा, आतून पुरणाचं पातेलं घेऊन येत होती. ती म्हणाली, पैजा पोरं लावतात, संसारी माणसं नव्हं. आणि लावलीच हाय तर दोघंही हरू नका म्हणजे झालं.

आता येळवस म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं, आणि ठाऊक नसणारे पुष्कळ आहेत, अगदी शेजारच्या जिल्ह्यांतसुद्धा. मार्गशीर्षातली वेळा अमावस्या ती येळवस. त्या दिवशी लातूर, औसा, मुरुड इथं गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. मातीच्या बिंदग्यात ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबील, तूर-वाटाणा-हरभरा-मेथी असं रानात जे हिरवं असेल त्याची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. आधी पांडवांना, मग पिकाला, मग माणसांना. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रस्त्यानं जो कोणी जात असेल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. ओळख, जात, गाव काही विचारायचं नाही. येळवशीला ज्याच्या बांधावरून माणूस उपाशी गेला, त्याला वर्षभर तोंड दाखवायला जागा उरत नाही.

शंकरप्पानं पैज घेतली, पण त्याच्या मनात एक बेत होता आणि तो त्यानं कुणाला सांगितला नाही. येळवशीपर्यंत कसेबसे दात-ओठ खाऊन दिवस काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचं विमान पकडायचं. म्हणजे पैजही जिंकली, आण्णाची, म्हणजे शिवप्पाची, मिशीही गेली, आणि आपण पुन्हा अव्वाच्या हातचं खायला घरी. पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी तो मुंबईच्या गाडीत बसला तेव्हा सगळा गाव त्याला निरोप द्यायला आला होता. ‘जाऊन या’ असं म्हणायची रीतच असते, पण त्या दिवशी लोक ते जरा जास्तच मनापासून म्हणत होते.

मस्कतमध्ये कंपनीच्या कॅम्पात खोल्यांची लांबच लांब ओळ होती. एका खोलीत सहा जण, वरखाली पलंग. शंकरप्पाच्या खालच्या पलंगावर औशाचा नजीर होता. नजीर प्लंबर. त्याचं घर औशात पिढ्यान् पिढ्या शिलाईचं काम करणारं, स्वतःचं इंचभर शेत नाही, पण येळवशीला तीन शेतांत जेवायचा त्याचा शिरस्ता होता: पहिल्या शेतात भज्जी, दुसऱ्यात खीर आणि तिसऱ्यात आंबील पिऊन आडवं व्हायचं. कोणाच्या घरची आंबील आंबट आणि कोणाच्या खिरीत गूळ कमी, हे तो अजून सांगू शकत होता. शंकरप्पाला त्याच्यात अर्धं मुरुड सापडलं.

उरलेलं अर्धं सापडत नव्हतं, कारण तिथं ऋतूच नव्हते. गरम आणि लई गरम, एवढे दोनच. सकाळी उठून आभाळाकडं बघायची शंकरप्पाची सवय. इथं वर बघितलं की कालचंच आभाळ. वारा बदलत नाही, पाखरं बदलत नाहीत, रानाचा वास बदलायला मुळात रान नाही. चोवीस तास उजेड असलेल्या बोगद्यात टाकल्यासारखं त्याला व्हायला लागलं. जेवणाचं तर विचारूच नका. पहिल्या वीस दिवसांत त्याची पॅन्ट दोन बोटं सैल झाली आणि विसाव्या दिवशी नजीरनं त्याचं अभिनंदन केलं, कारण सोलापूरचा उच्चांक मोडला होता.

मग शंकरप्पानं एक उद्योग काढला. त्यानं मुरुडचे ऋतू डोक्यात चालवायला सुरुवात केली. पलंगाशेजारच्या प्लायवूडवर तो दर अमावस्येला एक फुली मारायचा. अमावस्या नजीर काढून द्यायचा. चाँद दिसायच्या आधीचा दिवस तो तुमचा, असं त्याचं साधं गणित होतं. पोळ्याची अमावस्या शंकरप्पा घरी जेवून आला होता. त्यानंतरची पहिली फुली सर्वपित्रीची. दुसरी दिवाळीची, त्या दिवशी तो पहाटे उठून अंगाला खोबरेल चोळून न्हाला आणि कामावर गेला. पुढं महिन्याभरानं मस्कतजवळच्या मत्रहच्या बाजारात गुजराती दुकानांवर दिवे लागलेले दिसले, तेव्हा त्याला जरा नवल वाटलं. पण व्यापारी माणसं, गिऱ्हाईक संपेपर्यंत दिवाळी चालवत असतील, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. घरून शिवप्पाची पत्रं यायची ती दोन ओळींची. सगळे बरे आहेत, बैलं बरी आहेत, कधी येतोस. तारीख टाकायची शिवप्पाला सवय नव्हती.

फुल्यांच्या मधले दिवस शंकरप्पा आठवणीनं भरून काढायचा. तिसऱ्या मजल्यावर भिंतीत वायरींचे पाइप खोचता खोचता तो खाली नजीरला ओरडून सांगायचा की आज आण्णानं ज्वारी पेरली असल. आठ दिवसांनी सांगायचा की आता कोळपं घातलं असल. पुढं ज्वारी पोटऱ्यात आली, मग कणसाला आली, मग पाखरं राखायला माचव्यावर कोण बसलं, तेही ठरलं. नजीर मान हलवून दाद द्यायचा. आधी ही मनाची समजूत होती, पण मग तो त्यात रमला. लहानपणी ज्या गोष्टी नुसत्या डोळ्यांपुढून गेल्या होत्या, हरभऱ्याच्या आंबेला, पानांवरच्या त्या आंबट दवाला, पहाटे कसा वास येतो, करडईचे काटे पोटरीला नेमके कुठं टोचतात, त्या सगळ्या इथं त्याला आठवायला लागल्या. घरी असताना त्यानं रानाकडं इतकं कधी बघितलंच नव्हतं. हे त्याचं त्यालाच कळलं, आणि थोडी लाजही वाटली.

चौथी फुली डिसेंबरच्या मध्यावर पडली, तो बुधवार होता. शंकरप्पा त्या दिवशी सकाळीच फोरमनकडं गेला आणि म्हणाला की मला घरी जायचंय. फोरमन मलबारी होता, अशी माणसं त्यानं ढिगानं पाहिली होती. त्यानं कारण विचारलं नाही. हापिसात कळवतो, पुढच्या आठवड्यात विमान आहे, एवढंच म्हणाला. शंकरप्पा हवेतून चालत परत आला. चार महिने. शिवप्पाची मिशी आजच्या आज जाणार होती, आणि आठ दिवसांत तो स्वतः जाऊन तो बोडका ओठ बघणार होता.

मग येळवस दणक्यात करायलाच हवी होती. कॅम्पच्या मागं एक कोरडा ओढा होता, त्याच्या काठावर दोघांनी कोप उभारली. कडबा कुठून आणणार, तेव्हा एअरकंडिशनरचे पुठ्ठ्याचे खोके आणि खजुराच्या झावळ्या. ओढ्यातले पाच गोटे डिस्टेंपरनं रंगवले. ज्वारी नजीरनं शोधली, ती पोपटांच्या खाद्याच्या दुकानात. मेसच्या यंत्रात दळून घेतली. मेसमध्ये नुकताच शेषेराव नावाचा गडी आला होता, नांदेडकडचा, हदगाव भागातला. त्याला येळवस माहीत नव्हती, पण मराठी बोलणारं कुणीतरी भेटलं एवढ्यावर त्यानं बेसन, वाटाणा, मेथी सगळं मोकळ्या हातानं दिलं आणि भज्जी ढवळायला स्वतः बसला.

रस्त्यावरून माणसं बोलवायचं काम नजीरकडं. त्यानं एक पठाण टँकरवाला अडवला, सायकलवरचे दोन केरळी उतरवले, आणि तीन शेळ्या घेऊन चाललेला एक ओमानी म्हातारा हाताला धरून आणला. म्हाताऱ्यानं आंबिलीचा वाडगा नाकाशी नेला, वास घेतला, एका दमात संपवला आणि पुन्हा पुढं केला. पठाणानं हा कसला सण म्हणून विचारलं. नजीरनं सांगितलं, शेताची दावत आहे. पठाणानं सगळीकडं नजर फिरवली, शेत कुठंच दिसेना, पण माणूस सभ्य होता, त्यानं पुन्हा विचारलं नाही.

जेवणं झाल्यावर शेषेराव हात पुसत म्हणाला की दिवाळीनंतर आज महिन्यानं पोटभर जेवलो.

शंकरप्पानं त्याला सुधारलं. महिना नाही, दोन महिने झाले दिवाळीला.

“न्हाई हो भाऊ,” शेषेराव म्हणाला. “घरची दिवाळी करूनच तर विमानात बसलो मी. आज बरोब्बर महिना झाला. यंदा धोंड्याचा महिना आला नव्हता का, म्हणून समदं एक महिना पुढं गेलं.”

शंकरप्पानं धोंड्याचं काही नाव काढू नका म्हणून बजावलं. असा महिना आला असता तर आपल्याला कळलं नसतं का, असं त्याचं म्हणणं. पण शेषेरावाकडं पुरावा होता, आणि तो अंगावर वागवलेला पुरावा होता. अधिक महिन्यात जावयाला सासरी बोलावून तेहतीस अनारशांचं वाण देतात. शेषेरावानं यंदा आश्विनात ते घेतलं होतं, आणि तेहतीसच्या तेहतीस एकट्यानं खाऊन चार दिवस अंथरुणाला खिळला होता. असली गोष्ट माणूस विसरत नाही. शंकरप्पाचं लग्न झालेलं नव्हतं, त्याला कोण अनारसे देणार आणि कोण सांगणार? घरात पंचांग बघायची ती अव्वा. तो बोट धरून मोजत गेला, चारदा मोजलं, आणि मग पुठ्ठ्याच्या कोपीला टेकून बसला.

खरी येळवस अजून महिनाभर लांब होती. मुरुडात ज्वारी पोटऱ्यातसुद्धा नसेल. त्याच्या डोक्यातलं मुरुड खऱ्या मुरुडाच्या महिनाभर पुढं पळत होतं, आणि तो आठ दिवसांत विमानात बसला तर येळवशीच्या तब्बल तीन आठवडे आधी स्टँडवर उतरणार होता. मिशी जागच्या जागी, आणि हा जन्मभर बैलांच्या मागं. नजीर हसून हसून शेळ्यांच्या अंगावर पडला. शंकरप्पाला मात्र रडू फुटायच्या बेताला आलं होतं, कारण त्यानं चार महिने धीर मोजून मापून वापरला होता आणि तो आजच संपवला होता.

दुसऱ्या दिवशी तो फोरमनसमोर उभा राहिला आणि म्हणाला की आता जायचं नाही, अमावस्या पुढं गेली. फोरमनच्या नोकरीत लोकांनी जायची हजार कारणं दिली होती. राहायचं असं कारण त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. त्यानं परतीचा कागद फाडून टाकला.

तो महिना शंकरप्पानं मोजला नाही. मोजायची इच्छाच मेली होती. आणि गंमत अशी की न मोजलेला महिना भराभर गेला. भिंतीवरच्या फुल्यांकडं पाठ करून झोपायला लागल्यावर त्याला दिसलं की इथंही काहीतरी बदलतंय. सकाळी डोंगर स्वच्छ दिसायला लागले होते, पाण्याचा नळ उघडला की हाताला गार लागायचं, पहाटे पायाशीचं घोंगडं अंगावर ओढावं लागायचं. समुद्राकडून कसलीशी पांढरी पाखरं येऊन ओढ्यात बसू लागली. मस्कतलाही हिवाळा होता. आपणच चार महिने मुरुडकडं तोंड करून बसलो होतो, असं त्यानं नजीरला सांगितलं. नाक्यावरच्या चहावाल्यानं त्याचं नाव पाठ केलं. शेळ्यावाला म्हातारा येता-जाता सलाम करायला लागला. आणि एक दिवस पॅन्ट घट्ट झाल्याचं नजीरनं दाखवून दिलं, तेव्हा शंकरप्पानं ते धुण्यात आटल्यामुळं आहे असं ठासून सांगितलं.

खरी येळवस संक्रांतीच्याच दिवशी, शुक्रवारी आली. सुट्टीचा दिवस. पठाण स्वतःहून आला, सोबत आणखी चार टँकरवाले. त्याचा समज झाला होता की ही शेताची दावत दर महिन्याला असते, आणि त्यानं पुढच्या महिन्याची तारीखही विचारून ठेवली. म्हाताऱ्यानं शेळीचं दूध आणि खजुराची परडी आणली. पस्तीस-चाळीस माणसं जेवली. ह्या वेळी शंकरप्पा स्वतः रस्त्यावर उभा राहून माणसांना हाका मारत होता.

फोरमनकडं मात्र तो लगेच गेला नाही. आधी मिशीची खबर येऊ दे, मग जाऊ, असं त्यानं ठरवलं. नजीरनं आपल्या भावाला, वाजिदला, सगळी पैज लिहून कळवली होती. वाजिदचा औशात फोटोचा स्टुडिओ होता. येळवशीला कॅमेरा घेऊन मुरुडच्या शेतात जायचं आणि साक्षीपुरावा पाठवायचा, असं त्याला बजावलेलं होतं. पैजेची गोष्ट शंकरप्पा आणि नजीर ह्या दोघांपलीकडं कॅम्पात कुणाला ठाऊक नव्हती. शंकरप्पाला स्वतःचं हसं करून घ्यायचं नव्हतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी तो कामावरून आला तर शेषेराव दारात उभा. त्यानं शंकरप्पाला हाताला धरून पलंगावर बसवलं. चहाचा पेला हातात दिला. टपाल वाटायचं काम मेसकडं होतं, आणि शेषेरावाच्या दुसऱ्या हातात एक पाकीट होतं, कडेला फाटलेलं.

“पाकीट वाटंतच उकललं होतं,” तो हळू आवाजात म्हणाला. “भाऊ, चहा घ्या आधी. तुमच्या आईचं वय काय होतं?”

होतं. शंकरप्पानं पेला खाली ठेवला. अव्वा. पुरणाचं पातेलं घेऊन दारात उभी राहिलेली. दोघंही हरू नका म्हणालेली. पाच महिने तो त्या घरातल्या ज्वारीचा, बैलांचा, काट्याकुट्यांचा हिशेब ठेवत बसला होता आणि अव्वाची तब्येत कशी आहे हे त्यानं एका पत्रात धड विचारलं नव्हतं. कोणी सांगितलं, कधी झालं, असं काहीतरी तो पुटपुटला. सांगायला कशाला पाहिजे, शेषेराव म्हणाला, दिसतंयच की. आणि त्यानं पाकिटातला फोटो काढून पुढं धरला. फोटोत शेतातल्या कोपीपुढं शिवप्पा उभा होता, आणि त्याच्या ओठावर मिशी नव्हती. आण्णाच्या मिशीचं कौतुक शेषेरावानं शंकरप्पाकडून रोज ऐकलेलं होतं, आणि त्याच्या भागात आई-बाप गेले की मुलगा मिशी उतरवतो. शंकरप्पाच्या लिंगायत समाजात ती चालच नाही, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

शंकरप्पा जो हसायला लागला तो थांबेचना. शेषेराव घाबरला. दुःखानं माणसाचं असं होतं हे त्यानं ऐकलं होतं, म्हणून त्यानं नजीरला हाका मारल्या. नजीर आला, त्यानं फोटो पाहिला आणि तोही गडगडून हसायला लागला. मग नजीरनंच बोट ठेवून दाखवलं. कोपीच्या तोंडातून आंबिलीचा तांब्या पुढं करणारा एक हात फोटोत आला होता. मनगटाजवळ तव्यानं भाजल्याचा डाग. अव्वाचा हात. शेषेरावानं नुसता ओठ बघितला होता, हात बघितलाच नव्हता.

शंकरप्पानं फोटो दिव्याखाली नेला, नीट हसून घ्यावं म्हणून. आणि त्याचं हसू थांबलं.

हा चेहरा त्यानं पाहिलेला होता. बहात्तरच्या दुष्काळात. वडील आदल्या वर्षी गेलेले, शंकरप्पा बारा वर्षांचा, शिवप्पा सतरा. रस्त्याच्या दुष्काळी कामावर आण्णा खडी फोडायचा आणि संध्याकाळी तिथं खायला वाटलेली सुकडी घेऊन घरी यायचा. ओठावर मिशी नव्हती, खडीची पांढरी धूळ असायची. त्या सालच्या येळवशीला रानात हिरवं पान नव्हतं, कोपीला कडबा नव्हता. अव्वानं चार काठ्यांवर लुगडं टाकून पांडव मांडले होते आणि पाणीच जास्त असलेली आंबील केली होती. तरी आण्णा बांधावर उभा राहून खडीवरच्या माणसांना हाका मारत होता. सगळे जेवून गेल्यावर बिंदगं रिकामं झालं, तेव्हा आण्णा म्हणाला होता की माझं मघाशीच झालं. ते खोटं होतं हे शंकरप्पाला बाराव्या वर्षीसुद्धा कळलं होतं. पुढच्या साली आण्णानं मिशी ठेवली, आणि मग तो पोरगा शंकरप्पाला पुन्हा कधी दिसला नाही. नऊ वर्षं तो मिशीमागंच राहिला होता.

पाकिटात पत्रही होतं. ह्या वेळी दोन ओळींपेक्षा मोठं.

‘चि. शंकरप्पास आशीर्वाद. शब्द पाळला, फोटो बघ. यंदा परतीचा पाऊस झाला न्हाई, ज्वारी गुडघ्याच्या वर गेली न्हाई. भज्जीला तूर अहमदपूरच्या बाजारातून आणली. तरी रस्त्यावरची एकोणतीस माणसं जेवली. अव्वा बरी हाय, तुझ्या नावाचा उंडा पांडवापुढं ठेवला तिनं. पैज लावली नसती तर तू दसऱ्यालाच परत आला असतास. मला ठाऊक होतं. येळवस झाली की निघायचं तू ठरवलं असशील, तेही ठाऊक हाय. इथं यंदा रानात दोघांपुरतं काम न्हाई. आन् माझी मिशी पहिल्यासारखी होईस्तवर तू येऊ नको. हे तोंड तुला दावायचं न्हाई मला.’

शंकरप्पानं पत्र दोनदा वाचलं. मग शेषेरावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं एकदा वाचलं. त्याला आण्णाची आठवण येत होती, आणि ती मुरुडच्या आठवणीपेक्षा वेगळी होती.

थोड्या वेळानं नजीरनं मुद्द्याचा प्रश्न काढला. मिशी पुन्हा यायला साधारण किती दिवस लागतात? शेषेरावानं आपली दोन वडीलमाणसं गेली त्या वेळचा अनुभव सांगितला. दोन महिने, फार तर अडीच. म्हणजे एप्रिलात जाता येईल, नजीर म्हणाला, आणि शंकरप्पाकडं बघत राहिला.

शंकरप्पानं फोटो प्लायवूडवर लावला, बरोबर फुल्यांच्या वर. सगळ्या फुल्या त्याखाली झाकून गेल्या.

“तसं न्हाई,” तो म्हणाला. “आमच्या आण्णाची लई सावकाश येती. दोन वर्षं तरी धरून चाला.”